दोन लायनींचा जोड कुठे? पचनसंस्था आणि मूत्रसंस्थेच्या वर्किंग मॉडेलच्या नोंदी

१२ जुलै २०२५, शनिवार

नववीच्या चार विद्यार्थ्यांनी यंदाच्या विज्ञान प्रदर्शनासाठी पचनसंस्था आणि मूत्रसंस्था एकाच फळीवर, प्रत्यक्ष पाणी फिरवून दाखवणारे वर्किंग मॉडेल करायचे ठरवले आहे. मी त्यांची विज्ञानाची शिक्षिका. शाळा ठाण्यातली, मराठी माध्यमाची; प्रयोगशाळा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीचा मागचा अर्धा भाग, एक बेसिन आणि दोन प्लग पॉइंट. शाळेने तीन हजार रुपये मंजूर केले आहेत आणि प्रदर्शन १२ सप्टेंबरला आहे. असे मॉडेल पुढे कोणी करायला घेतले, तर आमच्या चुका त्याला पुन्हा पैसे मोजून कराव्या लागू नयेत म्हणून या नोंदी ठेवत आहे.

मापे खरी ठेवायची हा माझा आग्रह. अन्ननलिका २५ सेंटिमीटर, जठर म्हणून एक ते दीड लिटर मावेल अशी पिशवी, लहान आतडे सहा मीटर लांब आणि अडीच सेंटिमीटर रुंद, मोठे आतडे दीड मीटर, मूत्रपिंडे प्रत्येकी ११ सेंटिमीटर, मूत्रवाहिन्या २५ सेंटिमीटरच्या आणि मूत्राशय ४०० ते ५०० मिलिलिटरचे. सहा मीटर हे माप मृत शरीरातल्या सैल पडलेल्या आतड्याचे आहे आणि जिवंत माणसात स्नायूंच्या ताणामुळे ते बरेच आखडलेले असते, अशी चिठ्ठी आतड्यावर लावायची ठरली.

मुलांनी आणलेला कच्चा आराखडा मी पाहिला, दोन मापे दुरुस्त केली आणि खाली सही केली. (पुढचे वाक्य मी नंतर घातले आहे: त्या आराखड्यात जठराच्या तळाशी एक टी (तीन तोंडांचा पाइपजोड) होता, त्याचा एक फाटा आतड्याकडे आणि दुसरा थेट मूत्रपिंडांकडे जात होता, आणि सही करताना तो मला खटकला नाही.)

१९ जुलै, शनिवार

खरेदी. बारा मिलिमीटरचे प्लायवूड पाच फूट बाय तीन फूट कापून घेतले, ११५० रुपये. एक इंची पारदर्शक पाइप साडेसहा मीटर, ७० रुपये मीटरने. मोठ्या आतड्यासाठी दोन इंची सक्शन पाइप दोन मीटर घेतला. त्याच्या वळ्या मोठ्या आतड्याच्या फुगवट्यांसारख्या दिसतात, त्यामुळे ही निवड चांगली ठरली. मूत्रवाहिन्यांसाठी माशांच्या टाकीत हवा सोडण्याची नळी आणली. तिचे आतले भोक चार मिलिमीटरचे असते आणि खऱ्या मूत्रवाहिनीची रुंदीही जवळपास तेवढीच असते. जठरासाठी शेकण्याची रबरी पिशवी.

संध्याकाळपर्यंत पाइप फळीवर बसवताना पहिला अडथळा आला. एक इंची पाइप एवढ्याशा जागेत वळवला की वळणावर चपटा होऊन दुमडतो आणि तिथे पाणी थांबते. खिळे ठोकून, दोरीने बांधून, पट्ट्या लावून पाहिले. अकरा वळणांपैकी सात ठिकाणी दुमड पडली. आज एवढेच झाले.

२६ ते २८ जुलै

ही नोंद लाज वाटूनही लिहीत आहे. शनिवारी वळणे कशीबशी मोठी करून पाइप बसवला आणि एका विद्यार्थिनीच्या आग्रहावरून त्यात खरा डाळभात मिक्सरमधून बारीक करून सोडला. अन्न वजनाने आपोआप खाली जाते असा मुलांचा समज होता आणि मीही तो तपासून पाहू म्हटले. डाळभात तिसऱ्या वळणावर जो बसला तो हललाच नाही. आडव्या पडलेल्या नळीत ढकलणारे काही नसेल तर अन्न जागचे हलत नाही. अन्ननलिका आणि आतडे आपापल्या भिंतीचे आकुंचन एकामागून एक पुढे सरकवत ते ढकलत नेतात, आणि म्हणूनच माणूस डोके खाली करूनही घास गिळू शकतो. हे मुलांना पटवण्यासाठी एका जुन्या लांब मोज्यात टेनिसचा चेंडू घालून, मागून मुठीने दाबत तो पुढे सरकवायला लावले. पाच मिनिटांत जे समजले ते पाइपाने तीन तासांत समजले नव्हते. हा मोजा प्रदर्शनातही ठेवायचा.

पाइप रिकामा करायचे सोमवारवर टाकून आम्ही घरी गेलो. ठाण्यातल्या जुलैच्या दमट हवेत, बंद खोलीत दोन दिवस डाळभात आंबला, वायू धरला आणि जठराच्या तोंडाशी असलेला जोड सुटला. सोमवारी सकाळी शिपाई काकांनी दार उघडले आणि पहिली तासिका सगळ्या मजल्याने खिडक्या उघड्या ठेवून काढली. फळीचा खालचा कोपरा फुगला आहे. यापुढे खरे अन्न नाही. साबुदाण्याची पातळ पेज, तीही त्याच दिवशी काढून टाकायची.

२ ऑगस्ट, शनिवार

यकृत आज चुकीच्या बाजूला बसले. फळीवरची आकृती आपल्याकडे तोंड करून उभी आहे, म्हणजे तिचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला येतो. यकृत तिच्या उजवीकडे हवे, म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडे. मुलांनी ते आपल्या उजवीकडे स्क्रूने घट्ट केले होते. फळीच्या वर दोन मोठ्या चिठ्ठ्या लावल्या: ‘हिची उजवी बाजू’, ‘हिची डावी बाजू’. हे पहिल्याच दिवशी करायला हवे होते.

मूत्रपिंडे थर्मोकोलची कोरली होती, सुबक झाली होती. त्यांच्यावर लाल-तपकिरी स्प्रे पेंट मारला आणि आमच्या डोळ्यांदेखत त्यांना खड्डे पडत गेले, कारण स्प्रेमधले द्रावक थर्मोकोल विरघळवते. उजवे मूत्रपिंड दहा मिनिटांत सुक्या खारकेएवढे झाले. सामानाचे ३४० रुपये गेले. राज्यात सजावटीच्या थर्मोकोलवर २०१८ पासून बंदी असताना मी ते आणायला होकार दिला, हाही ठपका माझ्याकडेच.

९ ऑगस्ट, शनिवार, नारळी पौर्णिमा

दादा ओवाळून घ्यायला आला. तो कोपरखैरण्याला प्लंबिंगची कामे घेतो. पाइप दुमडतो त्यावर उपाय विचारावा म्हणून मी मोबाइलमधला आराखड्याचा फोटो त्याला दाखवला. त्याने वळणांकडे पाहिलेच नाही. जठराखालच्या टीवर बोट ठेवले.

“हे काय आहे?”

“पाणी इकडे जातं, अन्न तिकडे.”

“अगं, सोसायटीत संडासाची सॉइल लाइन वेगळी आणि बाथरूमची वेस्ट लाइन वेगळी असते, तसंच केलंयस तू. पण टीला कसं कळणार, पाणी कुठलं आणि भात कुठला? आणि माणूस दिवसभर नुसतं कलिंगड खाऊन राहिला, तर ही दुसरी लाइन कोरडी पडणार का?”

बावीस वर्षे मी हा पाठ शिकवते. मूत्रपिंडे रक्त गाळतात हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. तरीही जठरातून मूत्रपिंडांकडे जाणारी नळी मी पाहिली, तिच्यावर सही केली आणि तिच्यासाठी फळीला भोक पाडू दिले. मुलांच्या मनात हे चित्र पक्के असते, कारण पाणी प्यायले की थोड्या वेळाने लघवीला जावे लागते आणि मधला रस्ता कोणाला दिसत नाही. माझ्याही मनात ते कुठेतरी शिल्लक असावे.

तर जोड असा आहे. प्यायलेले पाणी अन्नाबरोबर त्याच नळीतून लहान आतड्यात जाते. दिवसाला सुमारे दोन लिटर पाणी आपण खाण्यापिण्यातून घेतो आणि लाळ, जठररस, पित्त, स्वादुरस आणि आतड्याचा रस मिळून शरीर स्वतःचे आणखी सुमारे सात लिटर त्यात ओतते. या नऊ लिटरांपैकी बहुतेक पाणी लहान आतड्यातच, उरलेल्यातले बरेचसे मोठ्या आतड्यात शोषले जाऊन रक्तात जाते आणि विष्ठेबरोबर जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर बाहेर पडते. मूत्रपिंडांपर्यंत जे पोचते ते रक्तातूनच. दोन्ही संस्थांना जोडणारी एकही नळी नाही; आतड्याच्या भिंतीत पाणी रक्ताच्या हवाली होते आणि मूत्रपिंडात ते रक्तातून काढून घेतले जाते.

चार आठवड्यांचे काम उलटे फिरले. टी काढायचा आणि तिसरी, रक्ताची, लाइन बसवायची.

१० ऑगस्ट, रविवार

मुलांना घरी बोलावून चूक सांगितली, माझी सहीही दाखवली. एकाने लगेच विचारले, “बाई, म्हणूनच का जुलाब झाल्यावर लघवी कमी होते?” अगदी म्हणूनच. पाणी आतड्यातून रक्तात न जाता तसेच बाहेर पडले की रक्तात पाणी कमी पडते आणि मूत्रपिंडे आहे ते राखून ठेवतात. नळ्या वेगळ्या असत्या, तर जुलाबाचा लघवीशी संबंधच आला नसता. हा प्रश्न जसाच्या तसा मॉडेलवर मोठ्या अक्षरांत लावायचा ठरले.

नवा आराखडा दोन पदरी आहे. मूत्रपिंडे पोटातल्या आतड्यांच्या रांगेत नसतात. ती पोटाच्या आवरणाच्या मागे, पाठीला चिकटून, शेवटच्या बरगड्यांपाशी असतात आणि यकृतामुळे उजवे डाव्यापेक्षा किंचित खाली असते. आमच्या जुन्या फळीवर ती ओटीपोटात, आतड्यांच्या शेजारी ठेवली होती. आता पचनसंस्था पुढच्या, बिजागऱ्यांवर उघडणाऱ्या झडपेवर आणि मूत्रसंस्था मागच्या फळीवर. झडप उघडल्याशिवाय मूत्रपिंडे दिसणार नाहीत, आणि ते योग्यच आहे.

१६ ऑगस्ट, शनिवार

शाळेला दहीहंडीची सुट्टी. ठाण्यात रस्ते बंद होण्याआधी सकाळी लवकर निघून ट्रान्सहार्बर लाइनने कोपरखैरण्याला दादाच्या गाळ्यात गेले. चौघांपैकी दोन विद्यार्थी पालकांसह आले. पाइप न दुमडता वळवण्याची त्याची रीत अशी: पाइपात कोरडी बारीक वाळू ठासून दोन्ही तोंडे बंद करायची, मग पाइप उकळत्या पाण्यात थोडा वेळ ठेवून मऊ झाला की खिळ्यांच्या साच्यावर वळवायचा आणि थंड होईपर्यंत तसाच ठेवायचा. वाळूमुळे भिंत आत बसत नाही.

पावसाळ्यात कोरडी वाळू मिळत नाही, हे त्याला माहीत होते आणि आम्हाला नव्हते. वहिनींनी जुनी लोखंडी कढई दिली; तीन घाण्यांत वाळू भाजली, चाळली, पुन्हा भाजली. वाळू ओली असताना कढईच्या कडेला चिकटून बसते आणि सुकली की तव्यावर रवा सरकावा तशी सळसळत फिरते. तो आवाज बदलला की उतरवायची, हे दुसऱ्या घाण्याला कळले. सहा मीटरचे आतडे दुपारी चारपर्यंत चौदा वळणांत नीट बसले, एकही दुमड नाही.

ज्यांना हे करायचे आहे त्यांनी नंतर पाइप किमान पाच-सहा वेळा धुवावा. आम्ही दोनदा धुतला आणि राहिलेल्या वाळूने तिसऱ्या दिवशी एक छोटा पंप कायमचा बंद पाडला.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पावसाने शाळा बंद. घरी बसून मूत्रपिंडे आणि यकृत कागदाच्या लगद्याचे केले: रद्दी रात्रभर भिजवून, वाटून, पिळून, त्यात खळ. या हवेत लगदा पाच दिवस वाळला नाही आणि यकृताला तळाशी पांढरी बुरशी आली. मग पंख्याखाली, रोज उलटून, वर तुरटीच्या पाण्याचा हात. यकृत भरीव केले हीही चूकच; आतून पोकळ ठेवले असते तर निम्म्या वेळात वाळले असते.

२३ ऑगस्ट, शनिवार

सगळ्यात अवघड भाग: आतड्यातून रक्तात, नळीशिवाय, काहीतरी जाताना दाखवायचे. तीन प्रयत्न, तिन्ही फसले.

पहिला: आतड्याच्या एका तुकड्याला तापलेल्या सुईने बारीक भोके पाडून तो पाण्याच्या बरणीत ठेवला. पाच मिनिटांत पेज आणि पाणी एकच झाले. आतडे निवड करते, भोके करत नाहीत.

दुसरा: मांजरपाटाची पिशवी. तीच गत, फक्त सावकाश.

तिसरा: सेलोफेन. जुन्या प्रयोगपुस्तिकेत सेलोफेनचा पडदा दिला आहे, म्हणून भेटवस्तूला गुंडाळतात तो चकचकीत पारदर्शक कागद आणला. आत ग्लुकोज आणि पेज, बाहेर साधे पाणी. संध्याकाळपर्यंत बाहेर काहीच आले नाही. सोमवारी नव्या कागदाने पुन्हा तेच केले आणि फळ तेच. बाजारात सेलोफेन म्हणून मिळणारा हा कागद आता बहुतेक वेळा प्लास्टिकचा असतो, त्याला पाणी आणि ग्लुकोज आरपार जाऊ देणारी सूक्ष्म छिद्रे नसतात. दोन दिवस गेले. खरे सेलोफेन पेटवले की कागदासारखे जळते आणि राख होते, प्लास्टिक वितळून आखडते. विकत घेण्यापूर्वी कोपरा जाळून पाहायला हवा होता.

३ सप्टेंबर, बुधवार

गणपतीच्या सुट्टीत काम बंद होते. आज प्रयोगशाळेचे सामान विकणाऱ्याकडून डायलिसिसची नळी (सूक्ष्म छिद्रांच्या पडद्याची) आली, एक मीटर ४८० रुपये. ती सपाट, कोरडी पट्टी असते. पाण्यात भिजवून बोटांच्या चिमटीत चोळली की तिचे तोंड उघडते. एक टोक दोनदा गाठ मारून बांधले, आत साबुदाण्याची पेज आणि ग्लुकोज भरले, नळी बाहेरून नीट धुतली (पहिल्यांदा धुतली नव्हती, त्यामुळे निष्कर्ष बाद करावा लागला) आणि कोमट पाण्याच्या बरणीत सोडली.

चाळीस मिनिटांनी बाहेरच्या पाण्याचे दोन नमुने घेतले. एकात आयोडीन: निळा-काळा रंग आला नाही, म्हणजे स्टार्च आतच राहिले. दुसऱ्यात बेनेडिक्टचे द्रावण घालून परीक्षानळी उकळत्या पाण्यात धरली: निळा, मग हिरवट, मग विटकरी, म्हणजे ग्लुकोज बाहेर आले. स्टार्चचा रेणू मोठा, ग्लुकोजचा छोटा. म्हणूनच भात पचून त्याची साखर झाल्याशिवाय रक्तात जात नाही. खरे आतडे यापुढेही जाते, तिथल्या पेशी ग्लुकोज आणि क्षार मुद्दाम ओढून घेतात आणि त्यांच्यामागून पाणी येते. जुलाबात नुसते पाणी न देता जलसंजीवनी देतात ती याचसाठी. एवढे आमच्या नळीला जमणार नाही, तशी चिठ्ठी लावली.

चाळीस मिनिटे कोणी परीक्षक थांबणार नाही. म्हणून ०, १०, २०, ३० आणि ४० मिनिटांच्या पाच परीक्षानळ्या रांगेत लावायच्या.

शोषणाचे क्षेत्रफळ दाखवायला एका मुलीने साधा पंचा आणि त्याच मापाचा वळ्यांचा टर्किश टॉवेल घेऊन दोन्ही भिजवून तोलले. टॉवेलने पंचाच्या कितीतरी पट पाणी धरले. तिच्या तक्त्यावर ‘लहान आतडे टेनिस कोर्टाएवढे’ असे होते. ते जुने वाक्य आहे. २०१४ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी मोजले तेव्हा संपूर्ण पचनमार्गाचे आतले क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस मीटर, म्हणजे बॅडमिंटन कोर्टाच्या निम्म्याच्याही आत भरले. तक्ता बदलला. बॅडमिंटन ऐकून तिचा चेहरा पडला, पण एवढ्याशा पोटात ३२ चौरस मीटर हेही कमी नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

मूत्रपिंड. रक्त म्हणून पाण्यात खाण्याचा लाल रंग घातला, मूत्रपिंडात गाळणकागद बसवला आणि मूत्राशयात लालभडक लघवी जमू लागली. विरघळलेला रंग कागद अडवत नाही, तो न विरघळलेलेच कण अडवतो. खऱ्या मूत्रपिंडातही गाळणीपलीकडे पाणी, क्षार, युरिया, ग्लुकोज जाते. तांबड्या पेशी आणि मोठी प्रथिने मागे राहतात. मग रक्तद्रवासाठी फिकट पिवळे पाणी घेतले आणि पेशी म्हणून जांभळी नाक्यावरून बारीक लाल मणी आणले.

मणी पंपात अडकले. छोट्या पंपाच्या पंख्यात तीन मणी शिरले आणि तो गुरगुरत बंद पडला. वाळूने गेलेला धरून हा दुसरा. शेवटी मणी एका पारदर्शक बाटलीतच ठेवून तिच्या दोन्ही तोंडांना नायलॉनची जाळी लावली. पाणी फिरते, मणी बाटलीत उसळत राहतात, पंपापर्यंत येत नाहीत. ही तडजोड आहे आणि ती चिठ्ठीवर कबूल केली आहे.

याच दिवशी आणखी एक चूक सापडली. आतड्याच्या बरणीतून रक्ताची नळी आम्ही सरळ हृदयाच्या पंपाला जोडली होती. एका विद्यार्थिनीने पुस्तक उघडून दाखवले की आतड्यातले रक्त आधी यकृतात जाते. लगद्याच्या यकृताला गिरमिटाने आरपार भोक पाडून नळी त्यातून नेली. तोपर्यंत ते पूर्ण वाळले होते, हे नशीब.

८ सप्टेंबर, सोमवार

मूत्रपिंडासाठी फिरत्या रुळांचा पंप घेतला, ८५० रुपये; प्लायवूडनंतर सगळ्यात महाग वस्तू. यात रूळ मऊ नळीला बाहेरून दाबत पुढे जातात, म्हणजे आतड्याची रीत आणि डायलिसिसच्या मशिनात रक्त फिरवण्याची रीत दोन्ही यात एकत्र दिसतात. वेग १२५ मिलिलिटर प्रति मिनिट ठेवला, कारण दोन्ही मूत्रपिंडे मिळून मिनिटाला साधारण तेवढेच गाळतात.

दिवसाचा हिशेब केला की १८० लिटर होतात. शरीरात रक्तद्रव जेमतेम तीन लिटर, म्हणजे तोच द्रव दिवसातून साठ वेळा गाळला जातो. बाहेर पडते ते दीड लिटर; बाकीचे सगळे नेफ्रॉनच्या (मूत्रपिंडातल्या सूक्ष्म गाळण्यांच्या) नळ्यांतून पुन्हा रक्तात. ‘९९ टक्के पुनर्शोषण’ असा तक्ता कोणी वाचत नाही, म्हणून पाणीवाल्याकडून वीस लिटरचे नऊ रिकामे जार अनामतीवर आणले आणि त्यांच्या रांगेच्या शेवटी दीड लिटरची एक बाटली ठेवली.

फिल्टरनंतर दोन वाटा काढल्या: मोठी परत रक्ताकडे, आणि सलाइनच्या संचातून थेंब थेंब मूत्रवाहिनीकडे. वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो आणि दिवसाला दीड लिटर म्हणजे मिनिटाला सुमारे एक मिलिलिटर. चावी फिरवून मिनिटाला वीस थेंब पाडले आणि सगळे गप्प होऊन पाहत राहिले. एकीकडे पंपातून धार, दुसरीकडे तीन सेकंदांनी एक थेंब. मात्र या वेगाने मूत्राशय २५० मिलिलिटर भरायला चार तास लागतात, तेव्हा प्रदर्शनासाठी वीसपट वेग ठेवून तसे लिहिले.

मूत्रवाहिनीची चार मिलिमीटरची नळी दोनदा बंद पडली, कारण मध्ये हवेचा बुडबुडा अडकतो आणि गुरुत्वाकर्षण त्याला हलवू शकत नाही. आधी सिरिंजने पूर्ण नळी पाण्याने भरून घेतली की प्रश्न सुटतो.

मूत्राशयासाठी फुगा लावला होता. फुगा भरताना ताणाने उलटा जोर लावतो, त्यामुळे पाणी मूत्रवाहिनीतून परत वर चढू लागले. खरे मूत्राशय भरताना सैल होत जाते, आतला दाब फारसा वाढू देत नाही; शिवाय मूत्रवाहिनी त्याच्या भिंतीतून तिरकी शिरते, त्यामुळे मूत्राशय भरले की तोंड आपोआप दाबले जाते. दादा फोनवर म्हणाला, “एनआरव्ही टाक,” म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. औषधांच्या दुकानात लघवी साठवण्याची कोरी पिशवी ७० रुपयांना मिळाली आणि तिच्या तोंडाशी पाणी परत न जाऊ देणारी झडप तयारच असते. पिशवी दोन लिटरची आहे. पत्र्याच्या पट्टीने दुमडून ५०० मिलिलिटरची केली. साधारण १५० ते २५० मिलिलिटरवर ‘जाणीव’ अशी खूण केली.

१० सप्टेंबर, बुधवार

पूर्ण चाचणी. बिजागऱ्यांशी रक्ताची नळी झडप उघडताना पिळली जाते. तिला एक सैल वेटोळे दिले. पंप बारा व्होल्टचे असले तरी अॅडॅप्टर ज्या एक्स्टेन्शन बोर्डात होता तो टेबलाखाली, थेट गळणाऱ्या जोडाखाली होता. पाणी बोर्डावर पडण्याआधी एका मुलाने पाहिले. बोर्ड आता भिंतीला, पाण्याच्या पातळीच्या वर टांगला आहे आणि वायर खाली झोल देऊन वर नेली आहे, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोलाशीच गळून पडेल. हे पहिल्या दिवशी करायचे काम आहे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

प्रदर्शन झाले. जठराखालचा सहावा क्लॅम्प सकाळी अकराला सैल झाला, तो पिळण्यात दहा मिनिटे गेली. बाकी पाच तास सगळे चालले.

एक आजोबा बराच वेळ उभे होते. त्यांनी पाण्याचा ग्लास ओतायला लावला आणि बोट जठरापासून आतड्याच्या चौदाही वळणांवरून फिरवत गुदद्वारापर्यंत नेले. मग पुन्हा वरून सुरू केले. “पाण्याची नळी कुठाय?” मुलीने काही न बोलता झडप उघडली, बरणी दाखवली, बरणीपासून यकृत, यकृतापासून पंप, पंपापासून मूत्रपिंड असे त्यांचेच बोट धरून नेले. थेंब पडत होता तिथे ते थांबले आणि म्हणाले, “म्हणजे आधी रक्तात?” दिवसभरात हाच प्रश्न निदान पंधरा जणांनी विचारला, त्यात दोन शिक्षक होते. परीक्षकांनी जारांची रांग पाहून वजनाचा तक्ता मागितला, तो आमच्याकडे नव्हता. क्रमांक आला नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

खर्च ५६०० रुपये, त्यात वाया गेलेले ४५०. शाळेचे तीन हजार, उरलेले माझे आणि दादाचे. जारांची अनामत १३५० परत मिळाली. वेळ नऊ आठवडे, त्यातले चार त्या टीचे.

मॉडेल कपाटावर ठेवले आहे. ठेवण्यापूर्वी सर्व पाइप रिकामे करून, सायकलच्या पंपाने हवा मारून वाळवले. डायलिसिसची नळी काढून टाकली, ती पुन्हा वापरता येत नाही. रुळांच्या पंपातली मऊ नळी रुळांखालून सोडवून ठेवावी, नाहीतर एकाच जागी दबून चिरते. मोठ्या आतड्यात पाणी शोषले जाणे अजून दाखवता आलेले नाही, तिथे सक्शन पाइप नुसताच पाइप आहे. जुना टी पाकिटात घालून फळीच्या मागे चिकटवला आहे, त्यावर ९ ऑगस्ट ही तारीख आहे.